आतली कडी

मागच्या महिन्यात मला एका लॉजवर खोली नाकारली. मला म्हणजे रफिकभाईला, ज्याने नगरच्या एसटी स्टँडसमोरच्या लॉजवर तीस वर्षं मॅनेजरकी केली आणि अर्ध्या महाराष्ट्राला खोल्या दिल्या.

त्याचं झालं असं. रिटायर झाल्यापासून मी घरात नुसता फिरत असतो. या खोलीतून त्या खोलीत, तिथून गच्चीवर, परत खाली. आमची शमीम, म्हणजे बायको, वैतागून म्हणाली, "तुमच्या पायाला भिंगरी लागलीय. जा कुठे तरी एकटे, आणि पोटभर झोपून या." (घरी आम्ही दख्खनीत भांडतो. मराठीत लिहिलं की ती जरा सौम्य वाटते.) मी पिशवी भरली आणि पुणतांब्याला गोदावरीच्या काठी दोन दिवस बसून यावं म्हणून निघालो. वाटेत एका गावात बस बदलायची होती. उन्हाने डोकं धरलं होतं, समोर लॉजची पाटी दिसली, आत शिरलो.

काउंटरवरच्या गृहस्थाने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे पाहिलं. ही नजर मी झोपेतही ओळखेन. सोबत कोण आहे ते बघायची ती नजर.

"किती जण?"

"एकटाच."

"काय काम काढलंत इकडे?"

"काम काही नाही. झोपायचंय."

त्याने रजिस्टर मिटलं. "खोली शिल्लक नाही, साहेब." त्याच्या मागच्या फळीवर किल्ल्यांची अख्खी रांग लटकत होती.

मला राग यायला हवा होता. उलट मी त्याला म्हणालो, "बरोबर केलंत. मीही दिली नसती." त्यावर तो अजूनच घाबरला आणि उठून उभा राहिला. मी पिशवी उचलून सरळ नगरची बस धरली. शमीमने दार उघडलं आणि कपाळावर हात मारला.

बाहेरच्या माणसाला वाटतं लॉजचा धंदा म्हणजे चादरी बदलणं आणि किल्ल्या देणं. तो भाग बबनराव सांभाळायचे, आमचे रूम अटेंडंट, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे आणि गुडघ्याने दहा वर्षांनी मोठे. मॅनेजरचं खरं काम रजिस्टरपाशी असतं. नाव, गाव, आधार कार्ड, हे सगळं कोणीही लिहून घेईल. त्यात दोन रकाने असे असतात की ज्यांवर आम्ही माणूस जोखतो. एक 'सोबत' आणि दुसरा 'येण्याचे कारण'. माणूस कारण सांगताना आम्ही कारण ऐकत नाही, त्याचं तोंड बघतो. कोर्टाची तारीख, दवाखाना, शिर्डी, शिंगणापूर, मुलगी बघायला आलोय, काहीही चालतं. खोटंही चालतं. माणूस खोटं सांगतोय म्हणजे त्याला उद्याचं काही तरी सांभाळायचं आहे, असा आमचा हिशेब. ज्याला कारणच नाही त्याची भीती वाटते.

आणि आमच्या धंद्यात सगळ्यांत वाईट कारण म्हणजे 'झोपायचंय'.

मी काउंटरवर बसायला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी एक जण आला. इस्त्रीचा शर्ट, हातात एक वर्तमानपत्र, बॅग नाही. बोलायला इतका गोड की मीच उठून खुर्ची दिली. म्हणाला, "दोन दिवस झोप नाही हो. फक्त झोपायचंय." मी त्याला सात नंबरची खोली दिली, मागच्या बाजूची, जिथे स्टँडचा गोंगाट येत नाही. आमच्या शेठचा नियम होता की झोपलेल्या गिऱ्हाइकाला हाक मारायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बबनराव म्हणाले, "सात नंबरनं सकाळधरनं चहा सांगितला न्हाई." मी म्हणालो, "झोपू द्या बिचाऱ्याला."

पोलिसांनी दार तोडलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्याने तिथे आपलं आयुष्य संपवलं होतं.

दोन दिवसांनी त्याचा भाऊ आला. आरडाओरडा करेल म्हणून आम्ही सगळे काउंटरमागे उभे होतो. त्याने काहीच केलं नाही. फक्त मला विचारलं, "तुम्ही एकदा तरी हाक मारली होती का हो?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी आतापर्यंत विसरलो असतो.

त्यानंतर शेठने नियम केला, आणि तो नियम मी शेठपेक्षा कडक पाळला. एकट्याला खोली नाही. एकट्याला हॉल. पहिल्या मजल्यावर आमचा एक मोठा हॉल होता, दहा लोखंडी खाटा, दहा पेट्या, स्टँडकडे उघडणाऱ्या खिडक्या. तिथे एका माणसावर नऊ जणांचं लक्ष असतं आणि कोणी घोरायचा थांबला तरी शेजारचा उठून बघतो. लोकांना वाटायचं हॉल स्वस्त आहे म्हणून आम्ही एकट्यांना तिकडे पाठवतो. आम्ही त्यांना राखायला पाठवायचो.

हॉलमधली माणसं हा एक वेगळाच विषय आहे. इथल्या लष्करी केंद्रात पोरांचं प्रशिक्षण संपलं की शपथेची परेड असते. तिला हरियाणातून, बिहारमधून एकेकटे बाप यायचे. असाच एक जण दिवसभर खाटेवर ताठ बसून होता, पाठ टेकायला तयार नाही. म्हणे, धोतराची इस्त्री मोडेल, उद्या मुलगा फौजी होणार. एक घड्याळजी होते, ते दर वेळी स्वतःचा बल्ब घेऊन यायचे आणि जाताना काढून न्यायचे. एक श्रीगोंद्याचे काका बांधाच्या वादात तारखेला येत. त्यांच्या खाटेला आम्ही त्यांचंच नाव दिलं होतं. पुढे तो वाद मिटला तेव्हा ते पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "आता नगरला यायला कारणच उरलं न्हाई, भाई." त्यांचे डोळे भरून आले होते. मी विरोधी पार्टीलाही पेढे पाठवा म्हणालो, तर म्हणाले, "त्योच तर खाली रिक्षात बसलाय."

शेवटच्या काही वर्षांत शेठच्या पुतण्याने लॉज मोबाईलवर टाकला. तिथे त्याने आम्हाला 'बॅकपॅकर्स हॉस्टेल' करून टाकलं. आमच्याकडे हॉस्टेल म्हणजे पोरं शिकायला राहतात ते. पण लोक यायला लागले, पाठीवर स्वतःएवढी बॅग आणि बरोबर कोणीच नाही. एकाने विचारलं, "कॉमन एरिया कुठे आहे?" बबनरावांनी खिडकी उघडून समोरचं स्टँड दाखवलं.

या मंडळींनी माझी झोप उडवली. कारण विचारलं की म्हणायचे, "कारण काही नाही, असंच फिरतोय." असंच! मी पेन हातात धरून बसायचो. रकान्यात 'असंच' कसं लिहिणार? मग मी सगळ्यांच्या पुढे 'देवदर्शन' लिहायला लागलो. पोलिसांना वाटलं असेल नगरला भाविकांचा पूर आलाय.

त्यातच बंगळुरूची एक मुलगी आली. एकटी. हिवरे बाजारला पाण्याचं काम बघायला आली होती, बंधाऱ्यांची चित्रं काढलेली वही हातात. मोबाईलवर तिने हॉलमधली एक खाट घेतलेली आणि हॉलमध्ये आठ पुरुष. तिला तिथे कसं ठेवणार? आणि एकट्या बाईला खोली द्यायची नाही हा तर नियमाच्या आधीचा नियम होता. पण मोबाईलने तिला आधीच हो म्हटलं होतं. मी तिला जिन्यालगतची एक नंबरची खोली दिली. सकाळी किल्ली परत देताना तिने विचारलं, "अंकल, दारासमोर सारखं कोणी तरी फिरत होतं का?"

"मांजर असेल," मी म्हणालो. बबनराव तोंडात फडकं कोंबून आत गेले.

हो, मीच फिरत होतो. सात नंबरनंतर मला ती खोडच लागली. कोणी आतून कडी लावली की माझा जीव टांगणीला लागायचा. काउंटरपासून वरच्या मजल्यापर्यंत बावीस पायऱ्या, त्या मी दिवसातून किती वेळा चढलो असेन ते माझे गुडघे सांगतील. घरीही तेच. जावईबापू अंघोळीला गेले आणि दहा मिनिटं झाली की मी दारावर टकटक करतो, "बरे आहात ना?" बिचारे हल्ली आमच्याकडे मुक्कामाला येत नाहीत.

ती मुलगी गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात, एप्रिलच्या उन्हात, सकाळी अकराच्या सुमाराला सोजरबाई आल्या.

पन्नाशी ओलांडलेली बाई, अंगाने काटकुळी, चेहरा उन्हाने रापलेला. हातावर पाचटाने कापल्याच्या बारीक पांढऱ्या रेघा, म्हणजे ऊसतोडीच्या. काखेत एक गाठोडं. दारात उभं राहून त्यांनी आधी जिना बघितला, मग मला.

"खोली मिळंल का वो? एकटीला."

मी सवयीने मागे दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं.

"कुठून आलात, मावशी?"

"कारखान्यावरनं. पट्टा पडला काल, ऊस संपला. आमची टोळी गाडीनं फुडं गेली पाथर्डीला. मी हितं उतरले. सांगितलंय दवाखान्यात जाते म्हून."

"दवाखान्यात जायचंय?"

"न्हाई."

"मग?"

"निजायचं हाय."

शब्द गावाकडचा होता, पण कारण तेच, सात नंबरचं. मी म्हणालो, "मावशी, एकट्या बाईला खोली देत नाही आम्ही. तुमची गाडी लागलेली असेल समोर. घरी जाऊन झोपा ना."

त्या हसल्या. "घरी? घरी अकरा मानसं. सा म्हैने घर बंद हुतं, गेल्या गेल्या झाडलोट, सारवान, पानी. निजू कोन देतंय?" मग काउंटरवर हात टेकून त्यांनी मला सांगितलं, आणि माझ्या आयुष्यात कोणी इतकं सरळ कारण सांगितलं नव्हतं. "सा म्हैने कोपीत ऱ्हायचं. कोपीला दार नसतं, गोनपाट असतंय. निजलं की कवाबी हाक येती, 'गाडी आली!' मग उठायचं, चुंबळ डोक्यावर घ्यायची अन् मोळ्या भरायच्या. मला एक डाव कडी लावून निजायचंय. आतनं."

"घराला कडी असेल की."

"हाय ना. भायेरनं. कारखान्यावर जाताना लावायची. आतली कडी मला ठाव न्हाई."

 समोर रजिस्टर उघडं होतं. आदल्या आठवड्यातल्या ओळीत माझ्याच अक्षरात त्या बंगळुरूच्या मुलीचं नाव होतं, सोबत कोणी नाही, कारण देवदर्शन. तिला मी कारण विचारलंही नव्हतं.

"हॉलमध्ये बायकांची सोय नाही," मी म्हणालो. "खोली देतो, पण कडी लावायची नाही. नुसतं दार लोटून घ्या."

"मग कोपी काय वाईट हुती?"

 मी एक नंबरची किल्ली काढली. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढून दिलं. कारणाच्या रकान्यात मी 'दवाखाना' लिहिलं. किल्ली हातात घेतल्यावरही त्या हलेनात.

"मॅनेजर, हाका मारू नका. कुनी म्हंजी कुनी. मी उठंन तवा उठंन."

"नाही मारणार."

"बोललात हां."

"बोललो."

त्या वर गेल्या. थोड्या वेळाने आतली कडी लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

बारा वाजता मी पहिल्यांदा वर गेलो. दाराला कान लावला, पंख्याची घरघर. साडेबाराला गेलो. एकला जेवणाचा डबा उघडला आणि तसाच बंद करून गेलो. बबनराव खालून म्हणाले, "भाई, बसा की. घोरत हुती मघाशी, म्या ऐकलं."

"मघाशी म्हणजे कधी?"

"मघाशी म्हंजी... बाराला."

"आणि आता?"

"आता कोन दाराला कान लावून बसलंय? तुमी हायेत की."

दोनला घोरणं नाही. अडीचला नाही. मी खाली येऊन रजिस्टर चाळलं, किल्ल्या पुसल्या, तिरकं झालेलं कॅलेंडर सरळ केलं. पाय एका जागी ठरेनात. 'बोललात हां' एका कानात, आणि दुसऱ्या कानात त्या माणसाच्या भावाचं, 'एकदा तरी हाक मारली होती का हो?' दोघांना एकाच वेळी उत्तर देता येत नव्हतं. तीन वाजता मी दारावर हळूच टकटक केली, चहाच्या निमित्ताने. उत्तर नाही. जोरात केली. नाही. मग, हो, हाक मारली. "सोजरबाई!"

काही नाही.

खोलीच्या दारावर एक झरोका होता. मी स्टूल आणून चढलो. आत पंखा फिरत होता. खाट दिसत होती, तिच्यावरची चादर सकाळी बबनरावांनी घातली तशीच, एक सुरकुती नाही. बाई खाटेवर नव्हत्याच. कडी आतून, आणि बाई खाटेवर नाही.

मी स्टुलावरून उतरलो की पडलो ते आठवत नाही. "बबनराव! दार तोडा!" बबनराव गुडघा विसरून धावत आले, हॉलमधले दोघे आले, आणि तिसऱ्या धक्क्याला कडी स्क्रूसकट उडून भिंतीवर आदळली.

सोजरबाई जमिनीवर झोपलेल्या होत्या. खाट आणि भिंतीच्या मधल्या पट्टीत, फरशीवर, उशाला गाठोडं. जन्मभर भुईवर झोपलेली बाई, ती गादीवर कशाला झोपेल? हे मला झरोक्यातून दिसलं नाही आणि डोक्यात आलं नाही.

धाडकन आवाज झाला तशा त्या उठून उभ्याच राहिल्या. डोळे धड उघडले नव्हते. एका हाताने पदर खोचला आणि दुसऱ्या हाताने जमिनीवर काही तरी चाचपायला लागल्या, भराभरा, घाईघाईने. चुंबळ शोधत होत्या.

"गाडी आली का वो?" त्या म्हणाल्या. "आले, आले."

 हॉलमधले दोघे मागच्या मागे सटकले. हळूहळू त्यांना भिंती दिसल्या, पंखा दिसला, आम्ही दिसलो, मोडलेलं दार दिसलं. मग त्या खाटेच्या कडेवर बसल्या, पहिल्यांदाच, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मला त्या क्षणी माझी इतकी लाज वाटली की आजही लिहिताना वाटतेय.

"मावशी, चुकलो मी. दुसरी खोली देतो. कडी आहे तिला. आता कोणी येणार नाही."

"ऱ्हाऊ द्या. झोप काय कडीय व्हय, स्क्रू पिळून बसवायला?"

गाठोडं घेऊन त्या निघाल्या. मी मागोमाग गेलो. स्टँडवर पाथर्डीची बस लागायची होती. त्या फलाटाच्या कठड्यावर बसल्या, मी दोन हात अंतरावर उभा. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमाला वाटलं तरी काय, मॅनेजर?"

मग मी सात नंबर सांगितला. इस्त्रीचा शर्ट, वर्तमानपत्र, त्याचा भाऊ, सगळं. शमीमलाही मी एवढं सविस्तर सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. बस लागली, लोक धावले, त्या सावकाश उठल्या.

"लई वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पर मॅनेजर, मला मरायचं असतं तर तुमच्याकडं कशाला आले असते? मराया कुटंबी मरता येतं. निजाया जागा लागती."

बस गेली. मी लॉजवर आलो, सुतार बोलावला आणि त्या खोलीला नवी पितळी कडी बसवून घेतली, चार इंची, जाड. बबनराव म्हणाले, "आता ही तोडायची झाली तर भिंत पाडावी लागंल." मी म्हणालो, "म्हणूनच."

त्या वर्षी मी रिटायर होणार होतो. शेठला म्हणालो, अजून एक सीझन थांबतो. शेठला वाटलं मला लॉजिंगच्या सीझनबद्दल म्हणायचंय. मी कारखान्यांचे पट्टे कधी पडतात ते बघत होतो. मार्च गेला. एप्रिलमध्ये ऊसतोडीवाल्यांच्या गाड्या नगरवरून जायला लागल्या, वर माणसं, गाठोडी, शेळ्या, कोपीचे बांबू. मी दारात उभा राहून एकेक गाडी बघायचो. कोणी उतरत नव्हतं. त्या येणार नाहीत हे मला कळत होतं. कशाला येतील? एकदा दार तोडून घ्यायला आल्या तेवढं पुरे नाही का? तरी गाडी थांबल्याचा आवाज आला की मी उठायचोच.

महिना संपता संपता एका सकाळी काउंटरपुढे दोन बायका उभ्या राहिल्या. एक सोजरबाई. दुसरी त्यांच्याहून जाडजूड, कपाळावर ठसठशीत कुंकू, कंबरेवर हात.

"ही माजी जाऊ, काशी," सोजरबाई म्हणाल्या. "आता दोघी हाय. दोघींना देता ना खोली?"

 मी एक नंबरची किल्ली पुढे केली. रजिस्टर ओढलं. सोबतच्या रकान्यात 'एक' लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी पेन थांबलं, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा मी तिथे खरं लिहिलं. 'झोप'.

सोजरबाई एकट्याच वर गेल्या. काशीबाई जिन्यासमोरच्या बाकावर मांडी घालून बसल्या.

"तुम्ही नाही जात वर?" मी विचारलं.

"तिचं झाल्यावर जाईन. आदी राखन करते."

"कोणाची?"

"तुमची," काशीबाई म्हणाल्या. "सोजरनं सांगितलंय, मॅनेजर वर चढाया लागला की धरून खाली बसवायचा."

बबनराव इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. वर कडी लागली. नवी पितळी कडी, तिचा आवाज जाड आणि पक्का होता.

मी बसलो. बारा वाजले. साडेबारा वाजले. मी खुर्चीतून जरा उचललो गेलो की काशीबाई नुसत्या खाकरायच्या. एक वाजता मी म्हणालो, "नुसता कान लावून येतो, हाक मारत नाही." त्या म्हणाल्या, "बसा." टेबलाखाली माझे पाय आपोआप हलत होते, तेही त्यांना दिसलं. "पाय हालवू नका वो. घरात दळिद्र येतं." मी पाय एकमेकांवर ठेवून दाबून धरले. त्यांनी त्यांच्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला, आणि मी ते बसल्या जागी खाल्लं. दोन वाजले, तीन वाजले. तिसऱ्या ठोक्याला मला ती चादर दिसायला लागली, सुरकुती नसलेली. मी काशीबाईंकडे बघितलं. बहुतेक माझा चेहरा त्यांनी वाचला असावा.

"भुईवरच निजली आसंल," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तिला गादी सोसत न्हाई."

सव्वाचार वाजता वर कडी निघाली.

तीस वर्षं मी कडी लागल्याचे आवाज ऐकत आलो. कडी निघतानाचा आवाज इतका साधा असतो, हे मला माहीत नव्हतं. सोजरबाई एकेक पायरी उतरत खाली आल्या. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, एका गालावर गाठोड्याच्या गाठीचा लालभडक वळ. काउंटरपाशी येऊन त्यांनी किल्ली माझ्या हातात न देता काशीबाईंच्या हातात दिली.

मी उठून उभा राहिलो होतो. 

"आज कुनी हाक न्हाई मारली," सोजरबाई म्हणाल्या.

काशीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि जिना चढायला लागल्या. सोजरबाई त्यांच्या ऊबदार झालेल्या जागेवर बाकावर बसल्या, पदर सारखा केला, आणि मी अजून उभाच आहे हे बघून मला म्हणाल्या,

"बसा, मॅनेजर. आता तिची पाळी हाय."